शाळेच्या मैदानाचं कुंपण: कुपाटी, काटेरी तार आणि एक भगदाड

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर बोलताना आपण बहुतेक वेळा नळदुर्ग, परंडा, तेर, तुळजापूर असं काहीतरी मोठं घेऊन बसतो. आज मात्र मी कुंपणाबद्दल बोलणार आहे. तेही एका शाळेच्या मैदानाच्या. हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणं लिहून काढलाय. बोलण्यातलं जिथं राहिलंय तिथं राहू दिलंय, सांभाळून घ्या.

झालं असं, की गावाकडून फोन आला. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा भागातलं. नाव सांगत नाही, कारण गोष्टीत थोडी भांडणंही आहेत. मी जिथं चौथीपर्यंत शिकलो त्या शाळेच्या मैदानाचं कुंपण बदलायचं ठरलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. "तू इतिहासाचं बोलत असतोस ना, ये की मग. माजी विद्यार्थी म्हणून चार पैशे पण दे," असं आमचे चुलत आजोबा फोनवर म्हणाले. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. मी गेलो.

जुनं कुंपण मला चांगलं ठाऊक होतं. लोखंडी अँगल, त्यावर काटेरी तारेच्या तीन ओळी. माझ्या डाव्या पिंडरीवर त्याची एक खूण आहे, चार बोटं लांब. तिसरीत असताना चेंडू आणायला तारेखालून सरपटत गेलो आणि घाईत उठलो. तेव्हा दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. तार गंजलेली म्हणून धनुर्वात होतो, असं आपण सगळे समजतो. खरं तर त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. जखम खोल असली आणि त्यात माती गेली तर धोका. गंज नुसता बदनाम आहे. पण मैदानावर माती आणि शेण, दोन्हीला काय तोटा!

आता त्या कुंपणात कुंपण म्हणण्यासारखं फारसं उरलेलंच नव्हतं. निम्मे खांब वाकलेले, तार कुठं तुटलेली, कुठं कुणीतरी सोडवून नेलेली. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणत होता, सरळ भिंत बांधा, कायमचा प्रश्न मिटवा. दुसरा म्हणत होता, जाळी लावा. भांडण सुरू झालं आणि मी कोपऱ्यात बसून विचार करायला लागलो, की या मैदानाला आजवर किती कुंपणं झाली असतील? आणि प्रत्येक वेळी ते कुणाला अडवायला घातलं होतं?

कुपाटी

तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "तार लई मागून आली. आधी कुपाटी होती."

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. कुपाटी म्हणजे काट्याचं कुंपण. बाभळीच्या, बोरीच्या फांद्या तोडायच्या, बेळक्यानं ओढत आणायच्या, एकीत एक अडकवून दाबायच्या. ही दर वर्षी नव्यानं करावी लागते, कारण वाळवी लागते, पावसानं कुजते, आणि उन्हाळ्यात सरपण संपलं की रात्रीत कुणीतरी चार फांद्या उचलून नेतं. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणं बहात्तरच्या दुष्काळात शाळेची अख्खी कुपाटी गावच्या चुलीत गेली. कुणी कुणाला बोललं नाही.

दुसरा प्रकार जित्या कुंपणाचा. शेर, घायपात, निवडुंग. यातल्या फड्या निवडुंगाची गोष्ट मोठी मजेशीर आहे. हे झाड मुळात आपलं नाहीच, ते अमेरिका खंडातलं. त्यावर एक किडा वाढतो, त्यापासून लाल रंग मिळतो. अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रासकडं हा रंग करायचा खटाटोप केला. रंगाचा धंदा काही जमला नाही, पण निवडुंग मात्र दख्खनभर पसरला. शेतकऱ्यानं त्याचं कुंपण केलं, आणि मग ते कुंपणच शेतात शिरायला लागलं. "कुंपणच शेत खातं" ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण निवडुंगानं ती अक्षरशः खरी केली. शेवटी १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून एक किडा आणून सोडला आणि त्यानं काही वर्षांत हजारो एकरांवरचा निवडुंग फस्त केला. ज्या किड्याच्या जातभाईसाठी झाड आणलं, त्याच्याच हातून ते गेलं.

आणि काट्याचं कुंपण म्हणजे काही फक्त शेतकऱ्याचं काम नव्हतं बरं का. या देशातलं बहुधा सगळ्यात लांब कुंपण सरकारनं लावलं होतं. इंग्रजांनी मिठावर कर बसवला होता, आणि स्वस्त मीठ चोरून आत येऊ नये म्हणून सिंधू नदीपासून ओडिशातल्या महानदीपर्यंत जकातीची एक सलग रेषा आखली. तिच्या बऱ्याच मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशी झाडं लावून जितं कुंपण उभं केलं. राखायला सुमारे १२,००० माणसं. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे प्रमुख होते ॲलन ह्यूम. हो, तेच ह्यूम, ज्यांनी पुढं १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८७९ मध्ये ही रेषा बंद झाली आणि कुंपण इतकं विसरलं गेलं, की रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकाला त्याचा मागमूस शोधायला अनेक खेपा घालाव्या लागल्या. त्यावर त्यांनी २००१ मध्ये पुस्तक लिहिलं.

म्हणजे बघा, झाडं तीच. शाळेभोवती असली तर ढोरं अडवतात, देशाच्या मधोमध असली तर गरिबाचं मीठ अडवतात.

कोंडवाडा आणि गावकूस

आमच्या शाळेची कुपाटी मात्र ढोरांसाठीच होती. पूर्वी शाळेच्या पटांगणात चार झाडं लावली की शेळ्या हजर. मैदानात पाऊस पडल्यावर गवत येतं, आणि गवत दिसलं की मोकाट जनावर येणारच. त्यावरचा सरकारी उपाय म्हणजे कोंडवाडा. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ मध्ये जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर धरून कोंडवाड्यात घालायचं, मालकानं दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून सोडवून न्यायचं. आमचा भाग निजामाच्या राज्यात, तिथले कायदे निराळे, पण पुढं कोंडवाडा आमच्या गावातही होता. माझ्या लहानपणी तिथं जनावरं कमी आणि आम्ही जास्त असायचो. लपाछपीला त्याच्याइतकी चांगली जागा नव्हती.

या कायद्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा: जनावर आवरायची जबाबदारी मालकाची. पिकाला कुंपण नव्हतं म्हणून मालक सुटत नाही. ही गोष्ट पुढं अमेरिकेत गेल्यावर कामाला येईल.

पण गावात त्याआधीचंही एक कुंपण होतं. ते जनावरांसाठी नव्हतं. गावकूस.

जुन्या गावांना दगडमातीची भिंत असायची, तिला वेस असायची. रात्री वेस बंद. लुटारूंपासून, पेंढाऱ्यांपासून संरक्षण म्हणून हे ठीकच. पण त्या भिंतीच्या आत कुणी राहायचं आणि बाहेर कुणी, हे जातीनं ठरलेलं होतं. महार, मांग, इतर काही जाती बाहेर. गंमत म्हणजे, गंमत कसली, वाईट गोष्ट म्हणजे, गावाची राखण करायचं काम ज्यांच्याकडं, त्यांचीच घरं भिंतीबाहेर. आज आमच्या गावात त्या भिंतीचा एक दगड जागेवर नाही. लोकांनी घरं बांधायला नेले. पण "गावकुसाबाहेर" हा शब्द आहे की अजून! भिंत पडली तरी तिची रेघ माणसाच्या डोक्यात शिल्लक राहते.

याच जिल्ह्यात कसबे तडवळे नावाचं गाव आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत तिथं महार-मांग वतनदार परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. निजामाच्या राज्यातली परिषद. त्या वेळी त्यांचा मुक्काम तिथल्या शाळेत होता. ती शाळा आजही लोक त्या आठवणीनं ओळखतात. मला हे नेहमी महत्त्वाचं वाटतं. गावात कुणाचा वाडा असतो, कुणाचं देऊळ असतं, कुणाची विहीर असते. शाळा ही त्यातल्या त्यात सगळ्यांची म्हणता येईल अशी जागा. निदान तशी ती असायला हवी.

आणि मैदान तर त्याहून जास्त. मैदान म्हणजे माणसं जमायची जागा. निजामी अमलात जाहीर सभेला परवानगी लागायची, खाजगी शाळेवरही नजर असायची. तरीही आमच्याच तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढं स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते, आणि मग हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांच्याकडं आलं. पोरं एकत्र येतात, धावतात, घामेजतात, त्यातनं काय काय उभं राहील हे सत्तेला सांगता येत नाही.

तार

आता तारेकडं वळू. त्यासाठी जरा लांब जावं लागेल, अमेरिकेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात लोक शेती करायला निघाले. १८६२ च्या कायद्यानं सरकार त्यांना जमीन देत होतं. पण ज्या मुळच्या लोकांची ती जमीन होती त्यांना हटवून, हे सांगायला हवं. शेती तर मिळाली, पण तिथं झाड नाही, दगड नाही, कुंपण कशाचं करणार? आणि गुरं तर हजारोंनी मोकाट. अनेक ठिकाणी नियमही आपल्या उलट होता. गुरं मोकळी फिरणार, पीक वाचवायचं तर शेतकऱ्यानं कुंपण घालावं. आपल्या कोंडवाड्यात दंड गुराच्या मालकाला, तिकडं खर्च पिकाच्या मालकाला.

१८७३ मध्ये इलिनॉय राज्यातल्या डीकॅल्ब गावच्या जत्रेत एकानं खिळे ठोकलेली लाकडी पट्टी दाखवली. ती पाहून तिथल्याच जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यानं डोकं चालवलं. तारेला काटे लावायचे, पण ते घसरतात. मग त्यानं दुसरी तार पहिलीभोवती पिळली, काटे जागच्या जागी पक्के. २४ नोव्हेंबर १८७४ ला त्याला पेटंट मिळालं. आपल्या मैदानावरची तार आजही त्याच रचनेची आहे, दोन तारांचा पीळ आणि त्यात अडकलेला काटा. १८७४ मध्ये अमेरिकेत साधारण १०,००० पौंड काटेरी तार तयार झाली. १८८० मध्ये आकडा आठ कोटी पौंडांवर गेला. सहा वर्षांत!

मग भांडणं. टेक्सासमध्ये १८८३ साली दुष्काळ आणि कुंपणं एकत्र आली. मोठ्या लोकांनी पाण्याच्या जागा, रस्ते, सगळंच तारेत घेतलं. रात्री टोळ्या निघून तारा कापायला लागल्या. शेवटी १८८४ मध्ये कायदा करून तार कापणं हा गंभीर गुन्हा ठरवला, आणि त्याच वेळी सार्वजनिक रस्त्यावर कुंपण घालणाऱ्यांनाही आवर घातला, फाटक ठेवायचं बंधन घातलं. फाटकाचा हा मुद्दा मनात ठेवा, परत येणार आहे.

गुरांसाठी केलेली तार माणसांपर्यंत जायला पंचवीस वर्षं पुरली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रज सैन्यानं सुमारे ८,००० चौक्या उभारून त्यांच्यामधून हजारो मैल तार ओढली, आणि बायकापोरांना छावण्यांत कोंडलं. तिथं हजारो लेकरं रोगराईनं मेली. नंतर पहिलं महायुद्ध, त्यातले खंदक, त्यापुढची तार. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या छावण्या तर सगळ्यांना माहीत आहेत. एकच वस्तू. गाईच्या कातड्याला बोचावी म्हणून केलेली, पण माणसाचं कातडं तर त्याहून पातळ.

आमच्या भागाची सीमा मात्र तारेशिवायच होती. सोलापूरकडं जायचं तर निजामाच्या जकात खात्याचे, म्हणजे करोडगिरीचे नाके. मुक्तिसंग्रामात या नाक्यांवर हल्ले झाले. बार्शी भागात आंदोलकांची शिबिरं होती, तिथनं लोक आत यायचे, काम करून परत जायचे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजाम शरण आला आणि ती रेषा पुसली गेली. तात्या तेव्हा लहान होते. त्यांना एवढंच आठवतं, की नंतर मामाच्या गावाला जाताना वाटेत गाठोडं सोडून दाखवावं लागलं नाही.

भिंत का नको

परत बैठकीत या. भिंतीवाल्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेत काय काय असलंच पाहिजे याची त्यात यादी आहे. तीत खेळाचं मैदान आहे, आणि शाळेला सुरक्षित करणारी भिंत किंवा कुंपण, असंही आहे. दोन्ही चालतं. मग भिंतच का नको? जाळी गंजते, भिंत टिकते. रात्री मैदानात बाटल्या फुटतात, ते बंद होईल. बाजूनं जागा दाबत येणाऱ्यांनाही चाप बसेल. अतिक्रमणाचा मुद्दा खरा होता, एका बाजूनं मैदान दोन हात आत आलंच होतं. कुणामुळं, ते बैठकीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तेवढ्यात पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "भिंत नका बांधू. लेकरं भिंतीच्या सावलीलाच बसत्यात."

खोलीत एकदम शांत झालं. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली. घर जितकं मजबूत दिसत होतं तितकं ते जड होतं, आणि दगड एकमेकांना धरून नव्हते. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली, रुंद रस्ते, मोकळे प्लॉट. आमच्याकडं आजही साठीच्या बायका नव्या घरात भिंतीपासून चार हात लांब अंथरूण टाकतात.

आता कुणी इंजिनिअर म्हणेल, की पिलर आणि पट्टा घालून नीट बांधलेली भिंत पडत नाही. बरोबर आहे. पण पैसे कमी पडले की पहिला पट्टा गळतो, हे मावशींना इंजिनिअरइतकंच माहीत आहे. आणि दुसरं, भिंत घातली की मैदानात काय चाललंय ते रस्त्यावरून दिसत नाही. बाटल्या फोडणाऱ्याला भिंत सोयीचीच. जाळीतून दिसतं. जाळीवर एकमत झालं.

जाळी कशी लावायची

इथं थोडं कामाचं सांगतो, कारण बऱ्याच श्रोत्यांच्या गावात हेच काम चाललेलं असेल.

तारेची जाळी यंत्रावर विणायची कल्पना इंग्लंडमधल्या नॉर्विच गावच्या चार्ल्स बर्नार्डची, साल १८४४. नॉर्विच हे जुनं विणकरांचं गाव. कापडाचा माग पाहून त्यानं तारेचा माग केला. आपल्या शेजारच्या सोलापूरच्या माणसाला हे लगेच समजेल. तार गंजू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा थर द्यायची पद्धत फ्रान्सच्या सोरेलची, १८३७ ची. आपण जिला जीआय तार म्हणतो ती हीच. जस्त स्वतः आधी झिजतं आणि आतलं लोखंड वाचवतं. म्हणून घेताना जाडीबरोबर जस्ताचा थरही विचारा. नुसती चमक पाहून घेतलेली जाळी लवकर तांबडी होते.

आमचं मैदान साधारण दोन एकर. ९० मीटर बाय ९० मीटर धरा, घेर ३६० मीटर. अडीच मीटरला एक खांब म्हटलं तर १४४ खांब. खरी कसोटी इथं असते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. दर वर्षी खांबाला हलवते, ढकलते. जुने अँगल वाकले ते पोरांच्या लोंबकळण्यानं कमी आणि मातीनं जास्त. त्यामुळं खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा, काँक्रीट भरायचं, वर पाणी साचणार नाही असा उतार द्यायचा. कोपऱ्याच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्यायचे, कारण जाळी ताणली की सगळा ओढा कोपऱ्यावर येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जाळीच्या एका कडेला तारेची टोकं दुमडलेली असतात, काही जाळ्यांच्या दुसऱ्या कडेला ती पिळून उघडी सोडलेली असतात. शाळेत दुमडलेली कड वर आली पाहिजे. वर काटेरी तारेची ओळ नकोच. पोरगं चेंडूसाठी चढणारच आहे. ते चढणार नाही असं कुंपण जगात झालेलं नाही. मग चढल्यावर त्याचा हात फाटू नये, एवढं तरी आपण बघावं.

भगदाड

काम सुरू झालं त्या आठवड्यात मी गावातच होतो. रोज संध्याकाळी मैदानावर जायचो. आमच्याकडं खो-खोचं वेड आहे, तुम्हाला माहीत असेल. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे आपल्याच धाराशिवची. तेव्हापासून गावोगावच्या मुली मैदानावर यायला लागल्या, घरचे पाठवायला लागले. आमच्या शाळेतही संध्याकाळी वीस-बावीस मुली येतात. एक गुरुजी पदरमोड करून त्यांना शिकवतात.

त्यातल्या आठ-नऊ मुली फाटकातून येत नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. त्या मागच्या बाजूनं येतात, जिथं जुनी तार तुटून भगदाड पडलं होतं. तिथून वस्ती सरळ समोर दिसते. जुन्या गावकुसाबाहेरची वस्ती. फाटक रस्त्याच्या बाजूला, गावाच्या तोंडाशी. फाटकानं यायचं तर वस्तीतल्या मुलीला सगळं गाव वळसा घालून, पारावर बसलेल्या पोरांसमोरून यावं लागतं. संध्याकाळी परत जातानाही तेच, आणि तेव्हा अंधार.

नव्या जाळीत ते भगदाड बंद होणार होतं. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. नकाशात भगदाड नसतंच. जुनं कुंपण जसं होतं तसं नवं, एवढाच हिशोब.

मी तात्यांना विचारलं, हे भगदाड कधीचं? तात्या थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "कुपाटी होती तवापासून. कुपाटी करताना तेवढी जागा सोडायचेच. बोलायचं नाही कुणी, पण सोडायचे. न्हाई तर तिकडची लेकरं शाळेत यायची कशी?"

म्हणजे माझ्या हिशोबाप्रमाणं मैदानाला आजवर दोन फाटकं होती. एक कागदावरचं, लोखंडाचं, कुलूप असलेलं. दुसरं न बोलता सोडलेलं. तार लावणाऱ्यानं ते बंद केलं असणार, आणि लेकरांनी ते परत उघडलं असणार. आम्ही त्याला मोडतोड म्हणत होतो. माझ्या पिंडरीवरची खूणही त्याच जागची आहे.

मी परत समितीपुढं बसलो. टेक्सासची गोष्ट सांगितली, कायदा करून फाटक ठेवायला लावलं ती. फारसा उपयोग झाला नाही. "अमेरिकेचं काय सांगतोस," असं एक जण म्हणाले, त्यांचंही खरंच. मग गुरुजींनी साधा प्रश्न विचारला: "मागून वाट नसंल तर माझ्या नऊ मुली उद्यापासून येणार न्हाईत. आणायची जबाबदारी कोण घेतंय?" कुणी घेतली नाही. एकानं ढोरं शिरतील म्हणून हरकत काढली. त्यावर गावच्या वेल्डरनं तोडगा दिला. रेल्वे स्टेशनाजवळ किंवा बागेच्या तोंडाशी पाइपांची नागमोडी वाट असते, माणूस वळून जातो आणि म्हैस अडते, तसं करू. कुलूप नाही, किल्ली नाही. जुने वाकलेले अँगल कापून त्यातच होईल, वेगळा खर्च नको.

एका सदस्यांनी सही केली नाही. तसं ते म्हणालेही नाहीत, फक्त चहा न घेता उठून गेले. बाकीच्यांनी केली.

दोन महिन्यांनी परत गेलो तेव्हा जाळी पूर्ण झाली होती. दुमडलेली कड वर आहे. बाजूनं दाबलेले दोन हात मात्र तसेच राहिले. खांब आहे त्या जागेवरच रोवले, मोजणी आणायची कुणाची तयारी नव्हती. मागची नागमोडी वाट झालीय. पहिल्या पंधरा दिवसांतच तिथल्या पाइपाचा रंग हाताच्या उंचीवर घासून गेलाय.

तर मंडळी, तुमच्या शाळेच्या मैदानाभोवती काय होतं? कुपाटी, घायपात, तार, दगड? आणि त्यात भगदाड कुठं होतं, त्यातून कोण यायचं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात आपण गावच्या वेशीबद्दल बोलू.